उसनी सजावट, उसनी शिस्त

फ्रेंच पाककलेला जपानी स्पर्श दिलेल्या उंची जेवणाबद्दल आपल्याकडे साधारण दोन मतं ऐकू येतात. पहिल्या मतानुसार ती पुढारलेपणाची खूण आहे: भल्यामोठ्या पांढऱ्या बशीच्या मधोमध चमचाभर काहीतरी, वर एक कोवळं पान, आणि ते खाता येणं म्हणजे जग पाहिल्याचा पुरावा. दुसऱ्या मतानुसार ती पैसेवाल्यांची थेरं आहेत. ना धड फ्रेंच, ना धड जपानी, नुसती भेसळ. पहिलं मत रविवारच्या पुरवण्यांत वाचायला मिळतं, दुसरं लग्नाच्या पंगतीत ऐकायला. दोन्ही मतं एकमेकांवर तुटून पडतात, पण त्यांचं गृहीतक एकच आहे. मिश्र स्वयंपाक म्हणजे एका मुलखाच्या पदार्थात दुसऱ्या मुलखाचा जिन्नस घालणं, असं दोघंही धरून चालतात. हे गृहीतकच उथळ आहे.

जिन्नस उसने घेणं ही पाकपरंपरांच्या देवघेवीची सगळ्यात खालची पायरी आहे. खरा मिलाफ होतो तो एका परंपरेनं दुसरीची शिस्त उचलली म्हणजे. शिस्त म्हणजे कोणत्या ऋतूत काय खायचं, कशामागून काय वाढायचं, किती शिजवायचं, भांडं कोणतं घ्यायचं आणि हात कुठे आखडायचा, याची रीत. अशी रीत उचलायची तर स्वतःचं काहीतरी सोडावं लागतं. जिथे कोणीच काही सोडलेलं नसतं, तिथे मिलाफ नसतो, सजावट असते. ही कसोटी लावली तर फ्रेंच-जपानी मिलाफ बऱ्याच अंशी खरा ठरतो, शहरांत ‘फ्युजन’ म्हणून विकलं जाणारं बरंचसं खोटं ठरतं, आणि बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागातलं जेवण, ज्याला कोणी उंची म्हणत नाही, ते खऱ्याच्या रांगेत येऊन बसतं.

१. फ्रान्सनं जपानकडून काय घेतलं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच पाककलेचा कायदा ऑग्युस्त एस्कॉफिए यांनी लिहून ठेवला. १९०३ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथानं सॉसची घराणी लावली, भटारखान्यातल्या कामाची उतरंड बसवली. लोणी आणि मैदा परतून दाट केलेले सॉस हा त्या इमारतीचा चुना होता. सत्तर वर्षांनी, १९७३ मध्ये, आंरी गो आणि क्रिस्तियाँ मियो या समीक्षकांनी ‘नव्या पाककले’चे दहा नियम जाहीर केले. कमी शिजवा, ताजं वापरा, पदार्थांची यादी आखूड करा, जड सॉस टाकून द्या, असा त्यांचा रोख होता. याच सुमारास ल्यों परिसरातले पॉल बोक्यूज यांच्यासारखे आचारी जपानला जाऊ लागले होते. ओसाकामध्ये १९६० साली पाकशाळा काढणारे शिझुओ त्सुजी हा या आचाऱ्यांना जपानशी जोडणारा दुवा. पुढे याच शाळेनं ल्योंजवळ आपली शाखा काढली आणि जपानी विद्यार्थी फ्रेंच स्वयंपाक फ्रान्समध्येच शिकू लागले.

जपानमध्ये या आचाऱ्यांना भेटला तो काइसेकी जेवणाचा क्रम. एकामागून एक येणारे लहान पदार्थ, ऋतूप्रमाणे बदलणारा जिन्नस, पदार्थागणिक वेगळं भांडं. या जेवणाचं एक मूळ चहाच्या विधीआधीच्या साध्या आहारात आहे आणि त्यामागे झेन मठांतला संयम आहे. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू यांनी हा विधी मुद्दाम साधेपणाकडे वळवला. म्हणजे आज जगातल्या महागड्या जेवणांना जी रीत मिळाली, तिचा एक झरा विरक्तीत आहे. फ्रेंच आचाऱ्यांनी सोया सॉस घेतला की नाही, हा इथे दुय्यम प्रश्न आहे. जपानच्या ओढीनं म्हणा वा स्वतःच्या कंटाळ्यानं, त्यांनी आपला मैद्याचा सॉस सोडला, ही मोठी गोष्ट आहे.

२. सुरुवातीची देवघेव बरोबरीची नव्हती

यावर कोणी म्हणेल, ही दोन श्रीमंत देशांची समजूतदार मैत्री झाली. इतिहास तसा नाही. जपानमध्ये मांसाहारावरच्या बंधनांची परंपरा इसवी सन ६७५ च्या राजाज्ञेपर्यंत मागे जाते. १८७२ मध्ये मेइजी सम्राटानं गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, ते पाश्चात्त्यांच्या बरोबरीला बसण्याच्या इच्छेनं. दरबारी मेजवान्यांसाठी फ्रेंच पद्धत स्वीकारली गेली तीही त्याच इच्छेनं. त्या वेळी घेणारा एकटा जपान होता, आणि घेण्यामागे न्यूनगंड होता.

उलट्या बाजूनं काही मिळायला शंभर वर्षं लागली, आणि मानाला त्याहूनही जास्त. २०२० मध्ये पॅरिसमधल्या केई कोबायाशी यांना मिशेलॅं मार्गदर्शिकेचे तीन तारे मिळाले. फ्रान्समध्ये तो मान मिळवणारे ते पहिले जपानी आचारी. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मिलाफ असमान पायावर सुरू होऊ शकतो, पण दोन्ही बाजूंनी सोडण्याची तयारी दिसेपर्यंत तो पुरा होत नाही. जपाननं मांसाचा निषेध सोडला, फ्रान्सनं दाट सॉसचा अभिमान. पुढच्या पिढ्यांनी त्यातून जे रचलं ते यामुळेच टिकलं.

३. कल्याणचं राजताट: संग्रह, पण मिलाफ नाही

आता आपल्या मुलखाकडे वळू. बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वरानं ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. मराठी वाचकाला हा ग्रंथ ठाऊक असतो तो त्यातल्या जुन्या मराठी पदांमुळे. पण त्याच शंभर अध्यायांत ‘अन्नभोग’ नावाचं प्रकरण आहे, आणि राजाच्या जेवणाचं इतकं बारकाईचं वर्णन त्या काळात क्वचितच सापडतं. उडदाच्या आंबवलेल्या पिठाची इडरिका त्यात आहे. पालथ्या घातलेल्या तापल्या मातीच्या भांड्यावर भाजायचा, हातानं ताणून पातळ केलेला मंडक आहे. आजचा बेळगावचा मांडा त्याच रीतीनं होतो. भाजलेलं मांस आहे, रानडुक्कर आहे, नदीकाठचे उंदीरसुद्धा आहेत. शिवाय कोणत्या ऋतूत कोणता रस प्रधान असावा, हेही सांगितलं आहे.

ऋतूची शिस्त इथे आहे, क्रमाची जाण आहे. मग हा मिलाफ का म्हणू नये? कारण राजाला काहीच सोडावं लागत नव्हतं. कानडी मुलखाचं, मराठी मुलखाचं, रानातलं, नदीतलं, सगळं एका ताटाकडे वाहत येत होतं. ताटाचा धनी जागचा हलत नव्हता. याला संग्रह म्हणावं. आजची बहुतेक फ्युजन हॉटेलं सोमेश्वराची वारसदार आहेत, फक्त त्यांच्याकडे सोमेश्वराचं ज्ञान नाही.

४. कल्याणची आंबील

मानसोल्लासानंतर तीन-एक दशकांत याच कल्याणमध्ये बसवेश्वर आणि त्यांच्या वाटेनं चालणारे शरण उभे राहिले. बिज्जळ राजाच्या राज्यात त्यांनी कायक आणि दासोह या दोन गोष्टी जगण्याच्या मध्यभागी आणल्या: कष्टानं मिळवायचं आणि वाटून खायचं. चांभार, नावाडी, ब्राह्मण एका पंगतीत आले. ज्यांनी पंगत धरली त्यांनी जातीचा मान सोडला, आणि त्याची किंमत चांभार हरळय्या आणि ब्राह्मण मधुवरस यांच्या घराण्यांतल्या विवाहानंतर प्राणांनी मोजली.

शरण परंपरेत मादार चेन्नय्याची कथा सांगतात. चोळ राजाचं पक्वान्न बाजूला ठेवून शिवानं चेन्नय्याच्या घरची आंबील आवडीनं घेतली, असं ती कथा सांगते. ही कथा केवळ भक्तीची नाही, ती जेवणाच्या मूल्याबद्दलचा युक्तिवादही आहे. पदार्थाची उंची जिन्नसाच्या किमतीवर ठरवायची की करणाऱ्याच्या निष्ठेवर, असा प्रश्न ती उभा करते. रिक्यूच्या चहाघरानं चार शतकांनंतर जपानमध्ये जवळपास हाच प्रश्न उभा केला. फरक इतकाच की जपानचा तो साधेपणा पुढे उंची जेवणाचा पाया झाला, आणि आपली आंबील कथेतच राहिली.

पंगतीची ही ओढ मात्र या भागातून गेली नाही. कलबुर्गीत शरणबसवेश्वरांच्या मंदिरात दासोह आहे, ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्यात लंगर आहे, बीदरच्या नानक झिरा गुरुद्वारात लंगर आहे, आणि भीमाकाठच्या गाणगापुरात दुपारची माधुकरी आहे. चार धर्ममार्गांनी एकाच टापूत अन्नाबद्दल एकच गोष्ट सांगितली: समोर येईल ते घ्यायचं, निवडायचं नाही. जपानी आचाऱ्यासमोर बसून ‘तुम्ही द्याल ते’ म्हणणारं गिऱ्हाईक याच गोष्टीसाठी हजारो रुपये मोजतं. गाणगापुरात पाच घरांची भाकरी-भाजी एका झोळीत एकत्र होते आणि तिच्यापुढे कोणाचीच आवडनिवड चालत नाही.

५. मिलाफ प्रत्यक्षात कसा दिसतो?

बहमनी राजधानी १३४७ पासून कलबुर्गीत आणि पुढे बीदरला होती. इराणातून, तुर्कस्तानातून माणसं आली. गीलानचा महमूद गवान त्यांतलाच. हे मीलन गोडीगुलाबीचं नव्हतं. आफाकी (बाहेरून आलेले) आणि दख्खनी (इथले) या गटांच्या वैरात १४८१ मध्ये गवानचा बळी गेला. पण दरबारात जे जमलं नाही ते चुलीवर जमलं. इराणी स्वयंपाकातला आंबटपणा डाळिंबातून, वाळवलेल्या लिंबातून येतो. दख्खनच्या मुसलमान घरांनी तो सोडला आणि चिंच, अंबाडी जवळ केली. अंबाड्याचं गोश्त आणि खट्टी दाल ही त्याची फळं. ज्या अंबाडीची भाजी कण्या घालून कानडी घरात पुंडीपल्या म्हणून आणि मराठी घरात अंबाडीची भाजी म्हणून होते, तीच अंबाडी तिसऱ्या घरात मांसाबरोबर शिजली. इथे नव्या मातीसाठी जुनी आंबट चव बदलली गेली. फ्रेंचांनी सॉस सोडला तो याच जातीचा त्याग.

याहून स्पष्ट उदाहरण येळवशीचं. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, उदगीर, भालकी, औराद, बसवकल्याण, कलबुर्गी या पट्ट्यात गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. शेतात कडब्याची कोप उभी राहते, पांडवांची पूजा होते, आंबील शिंपडली जाते. मग बसायचं ते भज्जीला. हरभरा, तूर, वाटाणा, वाल यांचे ओले दाणे, मेथी-पालक, हरभऱ्याचा कोवळा पाला, वांगं, गाजर, हे सगळं एकत्र शिजवून त्याला डाळीचं पीठ लावायचं, लसूण-मिरचीचं वाटण आणि चिंचेचा कोळ घालायचा. दाणा अखंड राहिला पाहिजे पण जिभेखाली दबला पाहिजे. पीठ इतकंच की भाजी उंड्यावर बसेल, घट्ट गोळा होणार नाही. बाजूला ज्वारी-बाजरीचे उंडे आणि मडक्यातली गार, आंबूस, लसणाचा वास असलेली आंबील.

ही भज्जी पंधरा दिवस आधी होत नाही, कारण दाणा भरलेला नसतो. महिन्यानं होत नाही, कारण दाणा टणक होतो. चुलीपासून पिकाचं अंतर काही हातांचं असतं. काइसेकीबद्दल ग्रंथ भरभरून जे सांगतात, म्हणजे ऋतूचा नेमका क्षण, जागेशी नातं, जिन्नसाला कमीत कमी त्रास, ते सगळं इथे आहे. आणि ते कोणा एका भाषेचं नाही. १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातला जुना बीदर जिल्हा म्हैसूर (आजचं कर्नाटक), मुंबई (आजचं महाराष्ट्र) आणि आंध्र यांच्या वाट्याला तुकड्या-तुकड्यांनी गेला. येळवस मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना त्याच दिवशी, त्याच जेवणानं होते. नकाशा बदलून शिस्त बदलली नाही, हा मिलाफ मुरल्याचा पुरावा आहे.

६. उंची कोण ठरवतं?

मग भज्जीला उंची जेवण का म्हणत नाहीत? कारण प्रतिष्ठेचं माप पदार्थाबाहेर असतं. कल्याणी बिर्याणी पाहा. बसवकल्याणच्या नवाबांच्या हैदराबादमधल्या देवडीशी तिचं नाव जोडलं जातं. कल्याणहून आलेल्या माणसाला तिथे ती वाढली जात असे, असं सांगतात. म्हशीच्या मांसाचे चौकोनी तुकडे, टोमॅटो, धणे-जिरे. दमाची रीत तीच, तांदळाचं भान तेच. पण मांस स्वस्त म्हणून ती ‘गरिबांची बिर्याणी’ ठरली.

ज्वारीचं उलट झालं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, दिल्लीनं ‘श्रीअन्न’ असं नाव दिलं, आणि काल जी कडक भाकरी गबाळी वाटत होती ती पंचतारांकित बशीत दिसू लागली. भाकरी बदलली नव्हती. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डाळ त्याआधीही तशीच होती. मोजणारा बदलला की उंची बदलते, इतका साधा हिशेब आहे. म्हणून ‘हे उंची आहे का’ या प्रश्नात फार अडकू नये. ‘यात शिस्त कोणाची, आणि ती कमावली कशी’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप शुद्धतेचा. आपलं अस्सल जेवण अस्सलच राहू द्या, मिसळामिसळ नको, असं म्हणणाऱ्यांनी एक ताट तपासावं: कडक भाकरी, शेंगाची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा. ज्वारी फार पूर्वी आफ्रिकेतून आली. भुईमूग आणि मिरची अमेरिकेतल्या. मिरची आणली पोर्तुगिजांनी. त्याच सोळाव्या शतकात त्यांच्याच जहाजांतून जपानला तळणीची जी रीत गेली तिचा टेंपुरा झाला. फ्रेंचांचं ‘एकामागून एक’ वाढणंसुद्धा रशियन पद्धतीचं. एकोणिसाव्या शतकापूर्वी फ्रान्समध्ये सगळे पदार्थ एकदमच मांडत. शुद्ध शोधत गेलं तर हाती फारसं काही लागणार नाही. पण म्हणून काहीही चालेल असंही होत नाही. मिरची आपली झाली ती तिला भाकरीच्या शिस्तीत बसावं लागलं म्हणून.

दुसरा आक्षेप भुकेचा. ज्या कल्याण कर्नाटकाच्या, म्हणजे याच भागाच्या, मागासलेपणासाठी ९८व्या घटनादुरुस्तीनं कलम ३७१(जे) आणावं लागलं, तिथे उंची जेवणाची चर्चा शोभते का? प्रश्न रास्त आहे, पण चवीचा विचार पोट भरल्यावरच सुचतो हे खरं नाही. येळवशीची भज्जी शेतकऱ्याची आहे, चेन्नय्याची आंबील कष्टकऱ्याची. चवीची शिस्त पैशातून येत नाही, लक्ष देण्यातून येते. गरिबाला फक्त उष्मांक मोजून द्यावेत आणि चव श्रीमंतांसाठी राखावी, हा विचार दयाळू दिसतो, पण आत अपमानकारक आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे. आपल्याकडे स्वयंपाकाची शिस्त म्हणजे बहुतेक वेळा जातीची शिस्त होती. सोवळं, शिवाशीव, कोणाच्या हातचं पाणी चालतं, ही सगळी ‘रीत’च होती. मग शिस्तीचं कौतुक कशाला? याला माझं उत्तर अर्धंच समाधानकारक आहे. ऋतू, क्रम, भांडं, आच यांची शिस्त पदार्थाची असते. कोणी शिवायचं आणि कोणी नाही, ही शिस्त सत्तेची असते. दोन्ही एकाच स्वयंपाकघरात वाढल्या म्हणून त्या एकच आहेत असं नाही, आणि शरणांनी बाराव्या शतकात त्या वेगळ्या करून दाखवल्या. पण काम पुरं झालेलं नाही. येळवशीला ज्याच्याकडे शेत नाही त्यानं दुसऱ्याच्या बांधावर पाहुणा व्हायचं असतं. बोलावणारा आणि बोलावलेला यांतलं अंतर भज्जीनं मिटत नाही. या भागाच्या जेवणाची थोरवी सांगणाऱ्यानं हे अंतर लपवू नये.

८. मग करायचं काय?

बीदरची बिदरी कलाकुसर हे चांगला धडा देणारं उदाहरण आहे. जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवतात, मग किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या द्रावणात ते काळं करतात. चांदी मात्र पांढरीच राहते. या धातूचे पानदान झाले, हुक्के झाले, अत्तरदाण्या झाल्या. चिंचेची आमटी वाढायचं ते भांडं नव्हे; जस्ताशी आंबटाचं जमत नाही. तरी फोटो चांगला येतो म्हणून कोणी बिदरी बशीत आंबट पदार्थ मांडला, तर त्यानं बिदरीची सजावट घेतली आणि शिस्त टाकून दिली. तीच गोष्ट भाकरीवर वसाबी थापणाऱ्याची.

या सीमाभागातून उद्या कोणी फ्रेंच-जपानी तोडीचं जेवण उभं करू म्हणेल तर त्याला तीन कामं करावी लागतील. एक, येळवशीची भज्जी, पुंडीपल्या, कल्याणी बिर्याणी यांची रीत घरागणिक फरकांसह लिहून काढावी लागेल. एस्कॉफिए आणि त्सुजी यांचं बळ लेखणीत होतं. दोन, मराठी, कानडी आणि दख्खनी उर्दू या तिन्ही स्वयंपाकघरांत शिकायला बसावं लागेल. एकात बसून दुसऱ्याचा मसाला मागवून चालणार नाही. तीन, ज्यांच्या हातांना ही रीत ठाऊक आहे त्यांना मजुरी देऊन मागे उभं करण्याऐवजी आचारी म्हणून नावासकट पुढे आणावं लागेल, नाहीतर पुन्हा सोमेश्वराचाच संग्रह होईल.

असं हॉटेल निघालंच तर त्याच्या पदार्थांच्या यादीत काय काय आहे हे पाहण्यात वेळ घालवू नये. आषाढात भज्जी मागितली तर मालक नाही म्हणतो का, हे पाहावं. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्यानं आपलं काहीच सोडलेलं नाही, आणि त्याच्या बशीत कितीही देश आले तरी ते एकमेकांना भेटलेले नसतात.